बावन्न नंबरची तबकडी

तेहतीस वर्षं ते दुसऱ्यांचे दात करत आले होते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलावर, मेण तापवायचं, प्लास्टर ओतायचं, एकेक दात ओळीत बसवायचा आणि जिभेला खुपणार नाही इतकं घासायचं. खरं नाव पगाराच्या कागदावर. बाकी सगळ्यांना ते कवळीवाले.

छंद एकच, पण हट्टी. त्यांच्या लहानपणी एका गोदामात एक छोटी रेकॉर्ड कंपनी निघाली होती. सात वर्षांत तिने चौसष्ट तबकड्या काढल्या आणि गाशा गुंडाळला. सगळे वाजवणारे आसपासचेच: शिक्षक, शिंपी, गिरणीतले फिटर. त्या चौसष्टांपैकी बासष्ट कवळीवाल्यांनी जमवल्या होत्या. राहिल्या होत्या एकोणीस आणि बावन्न.

एकोणीस नंबर वाचनालयाने काढून टाकलेल्या सामानात सापडली, कुणाच्या तरी भाषणांच्या पाकिटात. पाकिटावर जायचं नाही, प्रत्येक तबकडी बाहेर काढून बघायची, ही त्यांची सवय त्या दिवशी फळाला आली. बावन्नने मात्र नाकी नऊ आणले. भंगारवाले झाले, लिलाव झाले, मेलेल्या माणसांची कपाटं झाली.

"अहो, एक नाही मिळाली तर काय आभाळ कोसळणार आहे?" बायको म्हणाली.

"कोसळणार नाही. पण मधली जागा रिकामी दिसते."

"दात पडल्यासारखी," बायको म्हणाली, आणि दोघंही हसली.

माग लागला तो धंद्यामुळेच. एक म्हातारे ट्रंपेटवाले नव्या कवळीची तक्रार घेऊन आले. जेवताना ठीक, पण फुंकताना सुटते म्हणे. कवळीवाल्यांनी ती तीनदा घासली, तीनदा बसवून पाहिली. चौथ्यांदा आजोबांनी सूर लावला आणि तो टिकला. तेव्हा कवळीवाल्यांनी सहज विचारलं.

"बावन्न? ती आमच्या क्लॅरिनेटवाल्याची," आजोबा म्हणाले. "मागे मीच होतो की. तो गेला बिचारा. मुलगी पुलापलीकडे शिवणकाम करते, तिला विचारा."

रविवारी सकाळी कवळीवाले पुलापलीकडे गेले. शिवणवाल्या बाई साठीच्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, मशीनवर अर्धा शिवलेला कोट. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फळीवरचं एक काळं, लाटांसारख्या काठाचं भांडं उचललं, त्यातली बटणं टेबलावर ओतली आणि भांडं उलटं करून पुढे धरलं.

"हीच का बघा."

तळाला फिकट निळं लेबल होतं. त्यावर क्लॅरिनेटवाल्याचं नाव आणि खाली आकडा, बावन्न. कवळीवाल्यांनी आकड्यावरून बोट फिरवलं.

"मी अकरा वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "मासिकात आलं होतं, तबकडीचं भांडं कसं करायचं. पालथ्या गरम पातेल्यावर ठेवली की आपोआप वाकते. कंपनीने बाबांना बारा दिल्या होत्या. बाराही मीच वाकवल्या, ही एक ठेवली आणि बाकीच्या ओळखीत वाटून टाकल्या."

"वडील रागावले नाहीत?"

"नाही. म्हणाले, छान झालीत, निदान कामाला तरी आल्या." बाई बटणं एका बाजूला सारू लागल्या. "तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं."

बटणं सारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सरळ होईल का हो?"

"सरळ कदाचित होईल. वाजेल असं नाही सांगत. तडकूही शकते, आणि मग भांडंही जाईल."

"बटणं डब्यात ठेवीन मी. घेऊन जा."

कवळीवाल्यांनी घाई केली नाही. आधी तीन टाकाऊ तबकड्या कोमट, गरम, जास्त गरम पाण्यात घालून पाहिल्या. एक तडकली, एक चिवटपणे वाकडीच राहिली, तिसरी नीट बसली. मगच बावन्नला हात घातला. पाण्यातून काढून दोन जाड काचांमध्ये ठेवली, कवळ्या दाबायच्या प्रेसमध्ये घातली आणि दांडा दर पाच मिनिटांनी पाव फेरा फिरवला. संपूर्ण दिवस ती तशीच निवू दिली. या हातांनी इतके जबडे जुळवले होते, पण अशी धाकधूक कधी झाली नव्हती.

शनिवारी दुपारी शिवणवाल्या बाई घरी आल्या. बायकोने चहा ठेवला. कवळीवाल्यांनी सुई कडेला टेकवली. ती खरखरली, उडाली, पुन्हा उडाली. कडेचे चर ताणून पार गेले होते. मग कवळीवाल्यांनी सुई आत, लेबलजवळ ठेवली. भांड्याचा तळ होता तेवढा भाग फारसा वाकलाच नव्हता.

क्लॅरिनेट वाजू लागलं. सूर जरा डोलत होता, मागे ट्रंपेट कुठेतरी दूर. एक ओळ संपली आणि पुढच्या ओळीआधी श्वास ओढल्याचा बारीक आवाज आला.

"हे बाबा," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "असाच घ्यायचे. घाईघाईने, नाकाने."

दीड मिनिटात सगळं संपलं. "अजून एकदा लावता?" बाईंनी विचारलं. एक तबकडी दिवसात दोनदा लावायची नाही, सुईने चर झिजतात, हा कवळीवाल्यांचा घरातला कायदा. त्या दुपारी त्यांनी ती पाच वेळा लावली आणि कायद्याचं नावही काढलं नाही.

बाई निघाल्या तेव्हा कवळीवाल्यांनी तबकडी त्यांच्यापुढे धरली. "तुमची आहे. न्या."

"घरी कशावर वाजवू? मशीन आहे ते शिवणाचं," बाई म्हणाल्या. "राहू दे इथेच. मी येत जाईन."

कवळीवाल्यांनी बावन्नला जाड पुठ्ठ्याचं पाकीट केलं, त्यावर 'शेवटची दीड मिनिटं वाजते' असं लिहिलं आणि एक्कावन्न व त्रेपन्नच्या मध्ये उभी केली. बाई खरंच येऊ लागल्या, कधी काजं करायचे शर्ट बरोबर घेऊन. वडिलांची ऐकून झाली की बाकीच्याही लावायला सांगत. अकरा नंबर त्यांना सर्वांत आवडली, जी कवळीवाल्यांना आयुष्यभर रटाळ वाटत आली होती. त्यावरून दोघांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि बायको दर वेळी बाईंची बाजू घेते.