नकाशेवाल्या वहिनींचा तापलेला कॉम्प्युटर

तिसऱ्या मजल्यावरच्या नकाशेवाल्या वहिनींनी कॉम्प्युटर फ्रिजमध्ये ठेवला, ही बातमी जिन्याने खाली उतरता उतरता एवढी फुगली, की तळमजल्यावर पोचली तेव्हा तिच्यात बर्फाचा ट्रेसुद्धा आला होता. साफ खोटं. कॉम्प्युटर फ्रिजमध्ये नव्हताच, फ्रिजसमोरच्या जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून आडवा पडला होता. वहिनी मात्र फ्रिजला चिकटून उभ्या होत्या हे खरं. का, ते येईलच. बातमी पसरवणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की दार अर्धं उघडं असलं की घरही अर्धंच दिसतं.

वहिनी घरी बसून इमारतींचे नकाशे काढतात. हे वाक्य त्यांच्यासमोर जपून म्हणावं, कारण लोकांना त्यातलं ‘घरी बसून’ तेवढं ऐकू येतं. आर्किटेक्टबाई कागदावरची इमारत पाठवतात आणि वहिनी ती कॉम्प्युटरवर उभी करतात, पार जिन्यावर पडणाऱ्या उन्हासकट, आत फिरून बघता येईल अशी. सध्या एका वाचनालयाचं काम होतं. सोमवारी सकाळी ते समितीला दाखवायचं होतं, आणि ते पसंत पडलं तर पुढच्या सगळ्या शाखांचं काम वहिनींकडे येणार होतं.

जुना प्रोसेसर एवढा भार ओढेना, म्हणून वहिनींनी नवा मागवला, सोबत त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर. बसवायला कारागीर बोलावणार, तोच धाकटे दीर आडवे आले. “बाहेरचा माणूस कशाला, वहिनी? मी आहे ना.” भावजींचं दुकान मोबाइलच्या कव्हरांचं आणि स्क्रीनगार्डचं. काचेवर बुडबुडा न येऊ देता प्लास्टिक चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि तेवढ्यावर ते स्वतःला सगळ्या यंत्रांचे डॉक्टर समजतात. त्यांनी शीळ घालत कॉम्प्युटर जोडला, चालू करून दाखवला, चहा घेतला आणि गेले.

पत्रं लिहायला मशीन छान चालायचं. वाचनालयाचं चित्र रंगवायला घेतलं, की पंखा घोंघावायला लागायचा, तापमानाचा आकडा नव्वदच्या पुढे धावायचा आणि पडदा काळा. केलेलं काम पाण्यात.

मग घरात निकाल सुरू झाले. पुरावा कुणीच मागितला नाही.

“तू त्याला विसावाच देत नाहीस,” सासूबाई म्हणाल्या.

“किती खिडक्या उघड्या ठेवतेस गं एका वेळी,” नवरोबा म्हणाले. त्यांना स्वतःला दोन उघडल्या तर तिसरी सापडत नाही.

भावजींनी फोनवरच निदान केलं. “मशीनला दोष नाही, वहिनी. वापरणाऱ्यावर असतं. असं करा, रविवारी संध्याकाळी मी ते दुकानात नेतो, तिथे एसी आहे. तुम्ही जुन्या लॅपटॉपवर भागवा. नाहीतरी तुमचं काम म्हणजे...”

म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनींनी ते वाक्य दोन दिवस मनात घोळवलं, आणि दर वेळी त्याचा शेवट आधीपेक्षा वाईट निघाला. मशीन त्यांचं, काम त्यांचं, हात लावला दुसऱ्याने आणि दोष त्यांचा. वर त्यालाच ते घेऊन जायचंय. म्हणजे घर बांधणाऱ्याने भिंत वाकडी बांधायची आणि राहणाऱ्याला म्हणायचं, तुम्ही फार टेकता.

रविवारी दुपारची जेवणं आटोपली तशी त्यांनी टेबल पुसून कॉम्प्युटर त्यावर आणून ठेवला आणि बाजूची पत्र्याची झडप काढली.

“अगं, आत हात घालू नकोस,” नवरोबा म्हणाले.

“तुम्ही बॅटरीचा उजेड धरा. बोलू नका.”

धूळ? नव्हतीच फारशी, होती तेवढी ब्रशने झटकली. हवा? पुढचा पंखा आत घेत होता, मागचा बाहेर फेकत होता, सगळं सरळ. मग त्यांनी टेबलफॅन उघड्या पोटाशी लावून वाचनालय रंगवायला घातलं. एवढ्या वाऱ्याने आकडा खाली यायला हवा होता. तो चढतच गेला.

तेव्हा वहिनींनी बोट पुढे केलं आणि कूलरच्या पंख्यामागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना टेकवलं. नवरोबांनी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. पाती गार होती.

“पडद्यावर नव्वद आणि इथे गारठा,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे प्रोसेसरची उष्णता या पात्यांपर्यंत पोचतच नाहीये. मधे कुणीतरी बसलंय.”

मशीन बंद केलं, निवू दिलं, कूलरचे स्क्रू सोडवले आणि तो उलटा केला. बुडावर पारदर्शक प्लास्टिक, कडा न् कडा जुळवलेलं, एकही बुडबुडा नाही. त्यावर लाल अक्षरांत छापलेलं: बसवण्याआधी काढून टाका.

वहिनींनी मान वर केली आणि सबंध खोलीवरून नजर फिरवली. रिमोट प्लास्टिकमध्ये. खुर्च्यांच्या बैठका प्लास्टिकमध्ये. फ्रिजच्या दारावर कंपनीचं प्लास्टिक, आणल्या दिवसापासूनचं, कडा पिवळ्या पडलेल्या. सासूबाईंचा नियमच तसा, नव्या वस्तूचं नवेपण अंगावरून उतरू द्यायचं नाही. त्यांच्या धाकट्याने त्याचाच धंदा काढला. त्याला प्लास्टिक चिकटवता येतं, सोलायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

“वाटलं तरी होतं का असं?” नवरोबा पुटपुटले.

“तुम्हा सगळ्यांना मी वाटत होते.”

त्यांनी प्लास्टिक ओढून काढलं, प्रोसेसरवरचा जुना लेप पुसला, खोक्यातल्या नळीतला उष्णता कूलरकडे नेणारा नवा लेप त्यावर दिला आणि कूलर घट्ट बसवला. वाचनालय पुन्हा रंगायला लागलं. आकडा पासष्टपर्यंत आला आणि शहाण्यासारखा तिथेच राहिला. जिन्यावर ऊन पडलं, कपाटं उभी राहिली, पडदा काळा झाला नाही.

एवढ्यावर वहिनींनी थांबायला हरकत नव्हती. पण राग अजून हातात होता आणि समोर फ्रिज होता. त्यांनी दारावरच्या प्लास्टिकची कड नखाने उचलली.

“अगं, राहू दे ते. नवा दिसतो,” सासूबाई आतून धावत आल्या.

“आई, म्हातारा झालाय तो. मोकळा श्वास घेऊ दे त्याला.”

प्लास्टिक चरचरत सुटत होतं, वहिनी टाचा उंचावून वरचा कोपरा ओढत होत्या, आणि नेमक्या त्याच वेळी मशीन न्यायला आलेले भावजी दारात उभे राहिले, जिन्यातल्या लोकांसाठी दार अर्धं उघडं टाकून. पुढची बातमी तुम्हाला ठाऊक आहेच.

वहिनींनी कूलरखालचं प्लास्टिक त्यांच्या तळहातावर ठेवलं. भावजींनी ते उजेडात धरलं, लाल अक्षरं वाचली, पुन्हा वाचली.

“मला वाटलं, कंपनीने संरक्षणासाठी लावलंय,” ते म्हणाले. मग घसा खाकरून सावरले. “पण बघा, लावलंय किती सफाईने. बरं, आता चालतंयच, तर तसंही दुकानात नेऊ का? एसीत जास्त टिकेल. तुमचा वापर जरा जास्तच आहे, वहिनी.”

वहिनींनी फ्रिजच्या प्लास्टिकची नीट घडी घातली.

“खुशाल न्या, भावजी. फक्त मशीनबरोबर मीही येणार, आणि पहिल्याच दिवशी तुमच्या दुकानातले एकूण एक स्क्रीनगार्ड सोलून ठेवणार.”