मोकळी लादी

ही एकच गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला ओळखणारे हे वाचून हसतील. न सांगितलेली गोष्ट माझ्याजवळ असते कुठे? शहापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लोक पासपोर्टचा फोटो काढायला येतात आणि दोन किस्से ऐकून, चहा पिऊन, फोटो न काढताच परत जातात. लग्नात नवरा-नवरीपेक्षा माझ्याभोवती घोळका मोठा. जीभ म्हणजे गुळाची ढेप – मुंग्या लागायच्याच. त्याच जिभेची आता मला शिसारी येते. म्हणून लिहितो आहे. बोलायला बसलो असतो तर रंगवून सांगितलं असतं – मला माहीत आहे ना मी.

तर – मला पडक्या जागांचा नाद आहे. आटगावकडचा बंद पडलेला कारखाना, मुरबाडच्या वाटेवरचा छप्पर उडालेला बंगला, जिथे वडाची मुळं भिंत गिळत चालली आहेत असं काहीही. कॅमेरा गळ्यात अडकवायचा, काट्याकुट्यांतून शिरायचं, आणि परत आल्यावर फोटोबरोबर एक गोष्ट विकायची. विकायची म्हणजे फुकटच, मोबदला टाळ्यांचा. बंगला असेल तर त्यात फास लावून घेतलेली मडमीण हवीच. कारखाना असेल तर यंत्राच्या पट्ट्यात सापडलेला कामगार. कुणी विचारलंय खरं का खोटं? आणि विचारलं तरी मी काय सांगणार होतो?

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला, एका माळावर जुनी धावपट्टी आहे. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्करानं बांधली आणि लढाई संपल्यावर टाकून दिली. आता विमान सोडा, एसटीसुद्धा तिथवर जात नाही. लोक तिला नुसतं ‘पट्टा’ म्हणतात. सिमेंटच्या मोठ्या चौकोनी लाद्या, एकीला लागून एक, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसानं आणि शेवाळानं काळ्या पडलेल्या.

पण सुगीला हा पट्टा पाहावा. शेजारच्या पाड्यातली माणसं भात झोडायला आणि वाळवायला इथेच आणतात. एवढं सपाट, एवढं कोरडं, एवढं वाऱ्यावरचं खळं त्यांना कुठं मिळणार? प्रत्येक घराची आपली लादी. कागद नाही, खूण नाही – पण कुणाची कुठली ते पाड्यातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. नवी सून घरात आली की पहिल्या सुगीला तिला हाताला धरून लादीवर नेतात, झाडू तिच्या हातात देतात, आणि ती लादी झाडते. झाली ती त्या घरची. हे मला पारूमावशीनं सांगितलं.

पारूमावशी. बघा – नाव लिहिताना हात थांबला.

पट्ट्याच्या कडेला दारूगोळ्याचं जुनं कोठार आहे. जाड भिंती, खिडकी नाही, दार कधीच गेलेलं. मी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा वासानंच मागे फेकला गेलो. वटवाघळांची वर्षानुवर्षांची घाण, शेळ्यांचं मूत, कुजलेली ओल – सगळं एकत्र. रुमाल नाकाला लावला आणि मनातून खूश झालो. एवढा घाणेरडा अंधार रोज कुठं मिळतो! आणि त्या अंधारातून आवाज आला, “काय काडतंस रं फोटूवाल्या? लेंड्या?”

हीच पारूमावशी. पन्नाशीची विधवा बाई, एकटी. दुपारच्या उन्हात शेळ्या घेऊन कोठारात बसायची, कारण पाड्यात एवढी थंड जागा दुसरी नव्हती. मी घाबरलेला पाहून ती पोट धरून हसली. “भूत वाटला का काय रं तुला? पानी पी, पानी. भुताच्या हातचं नाय, मानसाच्या हातचं हाय.” कळशी कलंडून तिनं माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मग माझ्या टकलावरून, माझ्या पोटावरून अशा काही फिरक्या घेतल्या की मला माझ्या तोडीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तासभर बसलो. उठताना अंधारातच एक फोटो काढला. ती हलली, फोटो हलला. अर्धा चेहरा, एक लांबलेला हात, आणि मागे शेळीचे दोन डोळे चमकलेले.

घरी येऊन पाहिला, आणि – खरं सांगतो – आनंदानं नाचलो. काय फोटो होता! त्याला गोष्ट हवी होती. मी दिली. कोठारात लढाईच्या काळापासून एक बाई राहते. आत कुणीच नव्हतं, कॅमेऱ्यात मात्र ती आली. एवढंच. फोनवर टाकली, लग्नाच्या मांडवात सांगितली, आवाज कुठं खाली आणायचा आणि कुठं टाळी वाजवून दचकवायचं ते सगळं बसवलं. फोटो मोठा करून स्टुडिओच्या भिंतीवर लावला. कल्याण-डोंबिवलीची पोरं मोटारसायकली घेऊन भूत शोधायला पट्ट्यावर जाऊ लागली.

ती बाई पाण्याची कळशी घेऊन रोज तिथेच बसलेली होती, हे सांगितलं असतं तर गोष्टीत काय उरलं असतं?

पाड्यातल्या माणसांच्या फोनवरही तो फोटो पोहोचलाच. त्यांनी तिला ओळखलं. ओळखणारच – जन्म गेलेला एकत्र. आता गावाला माणूस ओळखू आलं की गोष्ट खोटी ठरावी, नाही का? तसं झालं नाही. त्याच सुमाराला एकाचा बैल मेला होता. एकीचं पोर तापानं फणफणत होतं. कुणीतरी म्हणालं, डोळ्याला नाय दिसत ते कॅमेऱ्याला दिसतं. मग कुणीतरी तो शब्द उच्चारला – भुताळी. करणी करून माणसं-गुरं खाणारी बाई. आमच्या डोंगरपट्टीत हा शब्द एकदा बाईला चिकटला की कातडीबरोबरच निघतो. तिच्या शेळ्यांचं दूध कुणी घेईना. विहिरीवर ती आली की बायका हंडे उचलून बाजूला होत.

हे मला कसं कळलं? तिनंच सांगितलं. ती आली माझ्याकडे.

किन्हवलीहून एसटी पकडून, विचारत विचारत, स्टुडिओच्या दारात उभी राहिली. आत गिऱ्हाईक होतं – एक लग्न ठरलेलं जोडपं, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं. त्यांना मी भिंतीवरच्या त्याच फोटोची गोष्ट सांगत होतो. टाळीच्या जागेवर आलो होतो. मुलीनं नवऱ्या मुलाचा दंड घट्ट धरला होता. आणि दारातून आवाज आला, “फोटूवाल्या, चल रं माझ्यासंगती. पाड्यात उभा रा, आन सांग का ही बाई जित्ती व्हती, हिनं पानी पाजलं मला. येवढंच सांग. तुजं ऐकतील ते.”

एवढंच. दुसरं काही मागितलं नाही तिनं.

मी तिच्याकडे पाहिलं. जोडप्याकडे पाहिलं. आणि म्हणालो, “मावशी, तुम्ही चुकीच्या दुकानात आलात. कोण तुम्ही?”

लिहिलं एकदाचं. थांबा, अजून तळ आलेला नाही.

तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “ही कोन मंग? मीच नाय का ही?” आणि मी – मी त्या मुलीला डोळा मारला. म्हातारीचं डोकं फिरलंय, अशा अर्थाचा. ती मुलगी खुदकन हसली. पारूमावशी तिच्याकडे बघून उगाचच, ओशाळल्यासारखी, थोडी हसली. मग “बरं” म्हणाली आणि पायरी उतरली. मी गोष्ट सोडली होती तिथून पुढे सुरू केली. टाळी वाजवली. ते दोघं दचकले. छान दचकले.

दिवाळीनंतर मी पट्ट्यावर गेलो. कशाला? मनाला टोचणी होती, असं लिहायला बरं वाटेल. खोटं आहे ते. भाताच्या दिवसांत उंचावरून फोटो काढायचा होता, म्हणून गेलो. कोठाराच्या छतावर चढलो आणि पाहिलं. सगळा पट्टा सोन्याचा झालेला. लादीला लागून लादी, भातच भात. आणि मधोमध एक लादी काळी. मोकळी.

मला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या भातावरचा वारा आपल्या भाताला लागायला नको, म्हणून तिला तिथे येऊ दिलं नव्हतं. आणि तिची लादी वापरायला कुणी धजत नव्हतं. पलीकडे पाड्यात, आपल्या अंगणातल्या मातीत, ती एकटी भात झोडत होती. छतावरून दिसत होती. हात वर, हात खाली. खडे मिसळणार त्या भातात, हे मलाही कळत होतं. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? काय फ्रेम आहे!

मी बटण दाबलं.

त्या फोटोला एका प्रदर्शनात बक्षीस मिळालं. स्टेजवर बोलावलं, माइक हातात दिला. माझ्या हातात माइक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. ही एक लादी मोकळी का, असं कुणीतरी विचारलं. मी क्षणभर थांबलो – थांबायचं कुठं ते मला कळतं – आणि म्हणालो, लढाईच्या काळात इथं उतरताना एक तरुण वैमानिक गेला. त्याच्या आठवणीसाठी हे गरीब शेतकरी आजही ऐन सुगीत एक लादी मोकळी ठेवतात. सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले. माझेही भरून आले, आणि ते नाटक नव्हतं. माझ्याच थापेनं मला गहिवरून आलं होतं. याहून किळसवाणं काही मला माझ्यात आजवर सापडलेलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्याआधी पारूमावशीनं शेळ्या विकल्या आणि ती डोळखांबकडे भावाच्या पाड्यावर गेली. अजून आहे. डोळखांब शहापूरहून लांब नाही. मी त्या बाजूची लग्नं घेत नाही.

गेल्या सुगीला पट्ट्यावर पुन्हा गेलो. आता तिथे सुट्टीला गाड्या येतात. पाड्यातल्या एका माणसानं मला पाहुणा समजून पुढे होऊन दाखवलं, “ही लादी, सायेब, विमानवाल्याची. आमी मोकळीच ठेवतो. बापजाद्यांपासून.” चेहऱ्यावरची रेषा हलली नाही त्याच्या. त्यालाही ही गोष्ट बरी वाटत होती. खऱ्यापेक्षा किती तरी बरी. लादीवर नारळ फोडलेला होता, झेंडूची फुलं होती, उदबत्तीची राख होती. लादी कुणीतरी स्वच्छ झाडलेली होती.

“पाया पडा ना,” तो म्हणाला.

मी चपला काढल्या. वाकलो. हात जोडले.