माडीवरचं जळगाव

“सर, पोचले!” फोनवर मॅडम एवढंच म्हणायच्या. मी जळगावला, विद्यापीठाच्या संगणक विभागात. त्या धुळ्यात, स्वतःच्याच घराच्या माडीवर. व्हीपीएन जोडलं की घरच्या लॅपटॉपवर विद्यापीठाचं नेटवर्क उघडतं, ग्रंथालयातली एरवी बंद असलेली जर्नल्स वाचता येतात. आमच्या लेखी ती रोजची कटकट. मॅडम मात्र खरोखर प्रवासाला निघायच्या.

घरात बाई दिसली की कुणी ना कुणी चहा मागणारच, हे तुम्हाला मी काय सांगू! म्हणून मॅडम बाहेरची साडी नेसायच्या, पर्स खांद्याला लावायच्या, सासूबाईंना “येते हं” म्हणायच्या आणि जिना चढायच्या. पन्नाशीत पीएचडी करायची तर दुसरा इलाज नव्हता.

सासूबाईही वस्ताद. दारात कुणी आलं की ठणकावून सांगायच्या, “सून घर नही शे. जयगावले गयेल शे.” एकदा तर त्यांनी डबा बांधून दिला, कळण्याची भाकरी आणि ठेचा. हे सांगताना मॅडमना हसू आवरेना.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, मुदत महिन्यावर आली होती. त्या दुपारी लाइन सारखी तुटत होती. “सर, बाहेर फेकलं मला,” असा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मीच पुन्हा जोडून दिलं. “बसा आता निवांत,” म्हणालो.

पुढचं मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. खाली सासूबाईंच्या छातीत कळ आली. शेजारीण सुनेला हाक मारायला निघाली, तर त्यांनी तिचा हात धरला. “बलाऊ नको तिले. तिनं लिखाण थोडंच राह्यनं शे.” शेजारणीला वाटलं, पित्त असेल. लिंबूपाणी देऊन ती गेली. संध्याकाळी मॅडम खाली आल्या, तेव्हा सगळं संपलं होतं.

मी भेटायला गेलो नाही. धुळं काही लांब नाही, तरी गेलो नाही. त्यांचं व्हीपीएनचं खातं रोज उघडून बघायचो. कुणी आलेलं नसायचं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मीच फोन केला.

“मॅडम, मुदतवाढीचा अर्ज मी भरून ठेवलाय. फक्त तुमची सही हवी.”

“नको, सर. खातं बंद करा.”

“एवढी वर्षं केलंत, आता...”

“कुणाला सांगून निघू, सर?”

मी खातं बंद केलं. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटेना. नुसताच स्क्रीनकडे बघत बसलो.