चष्मेवालीच्या दुकानातली भुताची खुर्ची

चष्मेवालीला बाकी काही म्हणा, बोलघेवडी म्हणू नका. नवऱ्यामागे तिने चष्म्याचं दुकान एकटीने ओढलं ते तोंड बंद ठेवून. गिऱ्हाईक तपासणीच्या खुर्चीत बसलं की समोरचा अक्षरांचा तक्ता लावायचा, भिंगं बदलायची आणि "आता बरं, की मगाशी बरं?" एवढंच विचारायचं. एरवी ती कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशा बाईने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट एकाच माणसापाशी बोलून ठेवली, आणि नेमकं त्याच माणसाने केसाने गळा कापला.

ते माणूस म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, पार्लरवाली. दोघींची दुकानं एकाच गल्लीत समोरासमोर. हिच्याकडे चहा उकळला की कप तिकडे जायचा, तिच्याकडे गिऱ्हाईक नसलं की ती इकडे येऊन काउंटरवर कोपरं टेकायची. वाचनमंडळाची कल्पनाही पार्लरवालीचीच. दुकान बंद असायचं त्या वारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून पाच टाळकी आत जमायची. या दोघी, ग्रंथालयातला ग्रंथपाल, बसच्या कंडक्टरीतून निवृत्त झालेले तिकीटकाका आणि चष्मेवालीची नणंद. ग्रंथपालाला सगळे चिडीचूप म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवून आलेला हा गृहस्थ मंडळात मात्र दुसऱ्या कोणाला बोलू देत नसे.

मंडळाची एक गंमत होती. पुस्तकातलं एक पात्र निवडायचं, एकाने डोळे तपासायच्या त्या उंच खुर्चीत बसायचं आणि ते पात्र व्हायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. खुर्चीत बसून "मला माहीत नाही" म्हणायची सोय नव्हती, काहीतरी उत्तर द्यावंच लागे. तिला नावच पडलं भुताची खुर्ची. ज्याची उत्तरं सगळ्यांत झकास, तो पुढचं पुस्तक निवडणार. पार्लरवालीच्या वाट्याला हा मान एकदाही आला नव्हता, आणि ते तिच्या मनाला किती लागलंय हे तिने हसण्यावारी नेल्यामुळे कोणाला कळलं नव्हतं.

नणंदेचं सांगायला हवं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. लग्न केलं नव्हतं, भावाच्याच घरी राहायची. वयाने लहान, पण चष्मेवाली तिला सुरुवातीला चिडवायला म्हणून "वन्सं" आणि "तुम्ही" म्हणायला लागली, ते तोंडात बसलं. भाऊ असेपर्यंत दोघींचं फारसं गूळपीठ नव्हतं. वहिनी कोरडी आहे, दादाचं आजारपण नर्ससारखं करते, डोळ्यांत टिपूस नाही, असं नणंदेला वाटायचं. ते बदललं तो गेला त्या दिवशी.

त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. नणंद म्हणाली, दादाला चष्म्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही, त्याला तसाच जाऊ दे. रडून रडून तिला समोरचं धड दिसत नव्हतं. टेबलावर हाताला लागला तो चष्मा तिने उचलला आणि भावाच्या नाकावर चढवला. तो होता वाण्याचा, दुरुस्तीसाठी घरी आणलेला. रंग तोच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मापाला लहान. नाकाच्या शेंड्यावर अडकून बसला होता आणि नवरा झोपेतसुद्धा कोणाला तरी दटावतोय असा दिसत होता. जन्मभर लोकांच्या नाकांची मापं घेतलेला माणूस, आणि स्वतः चालला दुसऱ्याचा चष्मा लावून. ही गंमत ज्याला सांगावी असा जगात एकच माणूस होता, आणि तोच तिथे आडवा झाला होता. चष्मेवालीच्या पोटातून हसू उसळलं. ती धावत न्हाणीघरात गेली, नळ सोडला, टॉवेल तोंडात कोंबला आणि हसत सुटली. थांबवू म्हणता थांबेना.

बाहेर नणंद दाराला टेकून उभी होती. तिला नळ ऐकू आला आणि मधूनच दाबलेले हुंदके. लाल डोळ्यांनी वहिनी बाहेर आली तेव्हा नणंदेने तिला घट्ट मिठी मारली. तेव्हापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी वहिनी नळ सोडून रडली हो, आवाज कोणाला जाऊ नये म्हणून. लॅबने दुसऱ्या शहरात बढती देऊ केली, ती नाकारून ती वहिनीपाशी राहिली. खरं सांगून टाकावं असं चष्मेवालीला कितीदा वाटलं, पण सांगायचं कसं? चष्मा चढवणारी तीच. म्हणून तिने ते पार्लरवालीला सांगितलं, आणि वाणी आपला चष्मा मागायला आला तेव्हा काय थापा माराव्या लागल्या, तेही. दोघी त्यावर हसल्या आणि मग रडल्या. कुठे बोलू नकोस, असं म्हणायचीसुद्धा गरज वाटली नाही.

तर त्या महिन्याचं पुस्तक चिडीचूपने निवडलं होतं. आयर्लंडमधल्या एका खेड्यातली भुताची आणि खुनाची कादंबरी. शवपेट्या बनवणारा एक सुतार मरतो आणि स्वतःच बनवलेल्या पेटीत उठून बसतो. कोपऱ्यात बसून तो सांत्वनाला आलेल्यांची उणीदुणी काढतो, चहा पातळ झालाय म्हणून कुरकुरतो, आणि आपल्याला विष कोणी घातलं ते काही केल्या त्याला आठवत नाही. त्याची बायको त्यालाही चहा देते आणि एकदाही रडत नाही. चष्मेवाली हसत हसत वाचत गेली आणि त्या बायकोपाशी येऊन अडकली. त्या संध्याकाळी चिडीचूप म्हणाला, आज खुर्चीत सुताराची बायको, आणि त्याने चष्मेवालीकडेच बोट केलं. तेवढ्यात पार्लरवाली टुणकन उठली, म्हणाली मी बसते, आणि बसलीसुद्धा. मैत्रिणीने वाचवलं, असं चष्मेवालीला वाटलं.

आता खरी गोम अशी, की पार्लरवालीने पुस्तक वाचलंच नव्हतं. गिऱ्हाइकांची गर्दी होती, पहिली काही पानं चाळून तिने ते ड्रायरखाली ठेवून दिलं होतं. तिकीटकाकांनी विचारलं, विषाची बाटली कुठे होती? ती म्हणाली, जिथे असते तिथे. चिडीचूपने विचारलं, पाद्र्याला काय सांगितलंस? ती म्हणाली, त्यालाच विचारा. सगळ्यांचे चेहरे पडायला लागले. मग नणंद पुढे सरकली. तिला ती बायको बिचारी वाटत होती, तिची बाजू घ्यायची होती. तिने अगदी मायेने विचारलं, "लोक म्हणतात तू रडली नाहीस. तू कुठे जाऊन रडलीस ते तरी आम्हाला सांग."

पार्लरवालीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चष्मेवालीने तिच्या डोळ्यांत आपलं गुपित येताना पाहिलं, आणि मान हलवायचीसुद्धा सवड मिळाली नाही.

"रडते कशाला? नळ सोडला, टॉवेल तोंडात कोंबला आणि पोट दुखेपर्यंत हसले. त्याच्या नाकावर दुसऱ्याचाच चष्मा! आणि चढवणारीला पत्ताच नाही."

तिकीटकाका मांडीवर थाप मारून हसले. चिडीचूपने पानं उलटली, चष्मा पुस्तकात कुठे नाही म्हणाला, पण काय ती कल्पनाशक्ती, असंही म्हणाला, आणि टाळ्या वाजवल्या. पार्लरवाली खुर्चीत फुलून बसली होती. नणंदेने टाळी वाजवली नाही. तिने आपला चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला आणि वहिनीकडे पाहिलं. चष्मेवालीने नजर खाली घातली, आणि तेवढं उत्तर नणंदेला पुरलं.

घरी गेल्यावर ओट्याशी पाठमोरी उभी राहून नणंदेने विचारलं, कोणाचा होता? वाण्याचा, चष्मेवाली म्हणाली. मग ती आयुष्यात बोलली नव्हती इतकी बोलली. वन्सं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले. तुमचा दादा असता तर तोच पहिला हसला असता. माझं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं नाही हो. नणंदेने सगळं ऐकून घेतलं.

"तू हसलीस याचं मला काही नाही, वहिनी. मी दाराबाहेर उभी राहून रडत होते. एकदा दार उघडून मला आत घ्यायचंस. तिला सांगितलंस, आणि मला नाही."



दुसऱ्या दिवशी पार्लरवाली दोन कप चहा घेऊन आली, जणू काही झालंच नाही. पुढचं पुस्तक कोणतं घ्यावं, हे तिला विचारायचं होतं. चष्मेवालीने कपाला हात लावला नाही. तुला पुस्तक वाचायला वेळ नव्हता म्हणून तू माझं घर वाचून दाखवलंस, एवढं ती म्हणाली. पार्लरवाली म्हणाली, अगं, नाव कुठे घेतलं मी? खुर्चीतलं बोलणं खुर्चीत. आणि टाळ्या तर तुझ्याच गोष्टीला पडल्या ना? ती खरंच कौतुक म्हणून बोलत होती, आणि तेच चष्मेवालीला सगळ्यांत जास्त झोंबलं. तिने मैत्रिणीला बाहेर जायला सांगितलं. मग खुर्ची पुसली, तक्त्याचा दिवा लावला आणि गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

नणंद घर सोडून गेली नाही, भांडलीही नाही. मीठ वेळेवर पुढे करायची, दाराला कडी लावली का विचारायची. चष्मेवालीला वाटायला लागलं, निवळेल हळूहळू. नणंदेचा नंबर वाढला होता हे तिला माहीत होतं. पेपर वाचताना ती मान मागे नेत होती. तिचा प्रत्येक चष्मा आधी भावाने केलेला, मग वहिनीने. चष्मेवालीने तिच्यासाठी एक हलकी फ्रेम मागवून ठेवली, नाकाच्या डाव्या बाजूला तिला वळ पडतो म्हणून तिथली गादी मऊ लावून घेतली, आणि ती कधी विचारते याची वाट बघत राहिली.

एका संध्याकाळी नणंद लॅबमधून घरी आली ती नवा चष्मा लावून. दुसऱ्या दुकानातून केलेला. मापाला चुकलेला होता, काड्या कानामागे सैल, पुढे घसरत होता. चष्मेवालीचे हात आपोआप पुढे झाले.

"द्या वन्सं, काड्या जरा वाकवून देते."

"राहू दे," नणंद म्हणाली. "होईल सवय."

दोघी जेवायला समोरासमोर बसल्या. नणंद खाली मान घालून जेवत होती आणि दर दोन घासांनी नाकाच्या शेंड्यावर आलेला तो चष्मा बोटाने वर सारत होती.