झाडाच्या बदली झाड

"हायेस का बे?" असं विचारल्याशिवाय नाकेदारांनी कुठलं झाड मोजलेलं मी पाहिलं नाही. उजवा तळवा खोडावर सपाट ठेवायचा, किंचित वाकायचं, विचारायचं आणि मग मागे वही घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता सांगायचं, "लिहा. हाये."

पहिल्या दिवशी मला हसू आलं. मी पाटबंधाऱ्याच्या सर्वे पार्टीत नुकताच लागलेला ओव्हरसियर, गाव वडनेर भोलजी, म्हणजे घाटाखालचा. आमच्याकडे बांधावरचा लिंब आणि नाल्यातली बाभूळ ओळखली की माणूस जाणता. जानेफळच्या वरच्या अंगाला एका खोऱ्यात धरण व्हायचं होतं. पाण्याखाली जाणारं रान मोजायला जंगल खात्याचे नाकेदार आणि मी अशी जोडी लावून दिली होती. नाकेदार म्हणजे तुम्ही ज्याला वनरक्षक म्हणता तो. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही, म्हणून इथंही घेत नाही.

"नाकेदार, नुसतं बघून मोजलं तर आठ दिवसांत उरकेल," मी म्हणालो.

"तुमी घाटाखालचे, साहेब. तुमाले कपाशीचं झाड म्हंजे झाड. पाहून मोजलं तं चुकते. हात लावला का चुकत नाई."

मग काय, दोन महिने आम्ही हात लावत फिरलो. अंजन, धावडा, सालई, बेहडा, चारोळी. माझी वही भरत गेली आणि घाटाखालचा मी हळूहळू झाडं ओळखायला लागलो. खोऱ्याच्या मधोमध एक जुना मोह होता. त्याच्याजवळ आलो की नाकेदार पायातले जोडे काढत. तिथं देव नव्हता, शेंदूर नव्हता. विचारलं तर म्हणाले, "याच्या सावलीत भाकर खातो मी रोज. जेवाच्या जागी जोडे घालून कसा जाऊ?"

आता त्या कामाची अट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रान पाण्यात घालायला जंगल खातं तयार नव्हतं, आणि आमच्या खात्याला धरणाची घाई. वरच्या साहेबांनी बसून तोड काढली: जेवढी झाडं बुडतील तेवढी रोपं दुसरीकडे लावायची. रोपांनी एक उन्हाळा काढला आणि अर्ध्याहून जास्त जिवंत दिसली, तरच खोऱ्यात कुऱ्हाड लावायची. नाही तर आणखी एक वर्ष थांबायचं. मोजणी नाकेदारांच्या हातची, वही माझी, सह्या दोघांच्या.

आणि वर्ष लांबलं तर धरणाची भिंत नदीच्या पार खालच्या अंगाला, जिथून पाणी या खोऱ्यापर्यंत चढणार नाही अशा उघड्या खडकाळ जागी सरकवावी, असं आमच्याच कचेरीत दबक्या आवाजात चाललं होतं. म्हणजे रोपं मेली असती तर रान वाचण्याची आशा होती. खोऱ्यातल्या वस्तीला ही बातमी आमच्याआधी लागली. वस्ती निश्चिंत झाली. सरकारी रोपं जगत नसतात, हे घाटावर आणि घाटाखाली पोरासोरांनाही ठाऊक होतं. एकट्या नाकेदारांना ठाऊक नव्हतं.

"सरकार म्हनते झाडाच्या बदली झाड," ते मला म्हणाले. "मंग खरंच करून दाखवू ना. काऊन नाई?"

जंगल खात्याच्या कचेरीनं नीलगिरी लावा म्हणून कळवलं होतं. नाकेदार चिखलीला जाऊन साहेबांपुढे उभे राहिले, नीलगिरी इथं पाहुणी आहे, म्हणाले, आणि खोऱ्यातलंच बी लावायची परवानगी घेऊन आले. अंजनाच्या शेंगा, धावड्याचं बारीक बी, बेहड्याची फळं, सगळं झाडाखाली बसून स्वतः वेचलं. रोपं वाढवायला पळसाच्या पानांचे द्रोण. ते लावून द्यायला वस्तीवरची एक बाई यायची. मोहफुलं आणि चारोळी वेचून तिचं घर चालायचं. तिचा हात असा चाले की गप्पा मारता मारता पुढ्यात द्रोणांचा ढीग पडे.

"इतके द्रोण कोनाच्या लग्नाचे हो, भाऊ?" तिनं विचारलं.

"तुह्या रानाचं बी हाये, बाई. रान तिकडं उंद्रीच्या माळावर नेतो."

ती खो खो हसली. "रान काय बिऱ्हाड हाये, बैलगाडीत घालून न्याले?"

नाकेदारही हसले. पण पुढच्या दिवसापासून त्यांनी द्रोणात खोऱ्यातली मूठभर माती घालायला लावली. बिऱ्हाडासोबत चुलीची राख नेतात तशी.

उंद्रीच्या बाजूचा तो माळ म्हणजे ई-क्लासची जमीन, गावाच्या गुरांचं चराईचं रान. कागदावर तो 'मोकळा' होता. खड्डे खणताना गवतात तित्तराची अंडी निघाली. नाकेदारांनी खड्डा चार हात सरकवला. पुढच्या ओळीत पुन्हा अंडी. तिसऱ्या ठिकाणी सशाचं बीळ. ते कुदळ खाली ठेवून बराच वेळ माळाकडे बघत राहिले. "मोकळा म्हनते हापिसात," एवढंच बोलले. मग खड्डे सरकवता सरकवता ओळी इतक्या वाकड्या झाल्या की आमचे साहेब मला ओरडले, दोरी धरायला काय झालं होतं म्हणून.

रोपं लागली, पावसाळा गेला, आणि पुढचे महिने नाकेदार माळावर झोपडी घालूनच राहिले. प्रत्येक रोपाला मडकं पुरणं शक्य नव्हतं. पाच-सहा रोपांच्या मध्ये एक मडकं, बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात. विहिरीवरून कावडीनं पाणी आणायचं. मजूर बायका दुपारी घरी जात, नाकेदारांची कावड दिवस मावळेपर्यंत चाले. चैत्र आला, वैशाख आला. रोपं मरत नव्हती.

वैशाखातच एका सकाळी मी पाहणीला गेलो तर नाकेदार अनवाणी पळताना दिसले. कुंपणाची काटेरी फांदी कोणीतरी बाजूला ओढली होती आणि गावच्या शेळ्या आत. शेळ्यांचं तरी काय चुकलं? त्यांचंच रान होतं ते. त्या हाकलून झाल्यावर आम्हाला दिसलं की फांदी ओढणारी बाई कुंपणाशीच उभी आहे. द्रोण लावणारी. जानेफळहून पहिल्या एसटीनं आली होती.

"बाई, काऊन असं केलं?" नाकेदारांचा आवाज चढला नव्हता.

"तुमी पानी टाकनं काऊन बंद नाई करत, भाऊ? हे मेले तं आमचं रान वाचते. सारी वस्ती म्हनून राह्यली. तुमाले समजत नाई का?"

"समजते."

"मंग?"

नाकेदार खाली बसले. शेळीनं शेंडा खुडलेल्या रोपाच्या बुडाशी माती दाबत म्हणाले, "तुह्याच रानाचं लेकरू हाये हे. तुह्याच द्रोणातलं. उगवलेलं मी कसं मारू, तूच सांग."

"मारू नका. नुसतं पाहू नका त्याच्याकडं."

"थेच तं जमत नाई, बाई."

ती निघाली. जाताना मात्र तिनंच ती काटेरी फांदी ओढून पुन्हा जागेवर लावली. मला त्या वेळी नाकेदारांचा राग आला, सांगून टाकतो. इतकं चांगलं असू नये माणसानं, असं वाटलं.

ज्येष्ठात मोजणी झाली. तळवा ठेवायला खोड कुठलं? दोन बोटांत काडी धरून, जवळजवळ मांडी घालून बसत ते विचारायचे, "हायेस का बे?" आणि मग, "लिहा. हाये." जे गेलं होतं त्याला ते "नाई" म्हणत आणि क्षणभर थांबून पुढे सरकत. तिसऱ्या दिवशी शेवटच्या धावड्याच्या ओळी उरल्या. एकावरही पान नाही, नुसत्या वाळक्या काड्या. मी वहीत बेरीज करत आलो होतो. या ओळी गेल्या तर आकडा अर्ध्याच्या जरासा खाली राहत होता.

"या वाळल्या, नाकेदार. मेल्या लिहितो," मी म्हणालो आणि पेन टेकवलंसुद्धा.

"थांबा."

त्यांनी अंगठ्याच्या नखानं एका काडीची साल खरवडली. आत हिरवी रेघ होती. दुसरी खरवडली. हिरवी. मग मोजणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले.

"हे धरून किती, साहेब? अन् सोडून किती?"

"सोडून कमी पडतात. धरून होतात."

काडी त्यांच्या बोटांतच होती. मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांना ती मेलेलीच दिसते. तसं लिहिलं तर कोण येतंय नख लावून बघायला? आणखी एक वर्ष मिळेल रानाला."

"तुमच्या डोळ्याले दिसते, साहेब. माह्या हाताले लागली ना." त्यांनी काडी सोडली. "लिहा. हाये."

मी लिहिलं. वही माझ्या हातात होती, पेन माझं होतं, मला काय वाटेल ते लिहिता आलं असतं. त्यांच्यासमोर खोटं लिहायची लाज वाटली. आज कधी वाटतं, ती लाज नको तिथं वाटली. कधी वाटतं, बरोबरच होती. इतकी वर्षं झाली, माझं काही ठरत नाही.

पावसाळ्यानंतर खोऱ्यात तोड सुरू झाली. त्याआधी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, सरकारी हातोड्याची छाप मारावी लागते. झाड गेलं तरी खुंटावर छाप राहते, म्हणजे तोड परवानगीची होती हे कळतं. ते काम अर्थात नाकेदारांचंच. मी वही घेऊन मागे होतो. झाडामागून झाड त्यांनी हातोडा मारला, आणि एकाही झाडाला काही विचारलं नाही. मोहाजवळ आले तेव्हा जोडे काढले, हातोडा मारला, जोडे घातले.

वर्षभरात त्यांची बदली झाली. माळावर नवा माणूस आला, त्याला पाण्याचं वेड नव्हतं. मडकी फुटली, कुंपण सरपणाला गेलं. चार-पाच वर्षांनी मी तिकडून गेलो तर माळावर ना धड गवत होतं ना झाडं. शेळ्यांनी खुडून खुडून झुडूप केलेले थोडे अंजन वाकड्या ओळींत उभे होते. तित्तर काही ऐकू आला नाही. कागदावर मात्र रान जागच्या जागी होतं. एकदा मोजलेलं पुन्हा मोजायचं, असं अटीत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, पावसानं दगा दिलेल्या एका साली, धरणाचं पाणी पार तळाला गेलं. गाळ मोजायच्या कामावर मी तिथं होतो. सुकलेल्या तळात खुंटच खुंट वर आले होते, चिखलानं माखलेले. अंजनाच्या खुंटांवर छापसुद्धा वाचता येत होती. पाणी हटलेल्या जागेत एक म्हातारी काकड्यांच्या वेलांना पाणी घालत होती. द्रोण लावणारी ती बाई मी ओळखायच्या आधी तिनंच मला ओळखलं.

"वहीवाले साहेब ना तुमी?"

मी नाकेदारांची चौकशी केली.

"नोकरी सुटल्यावर दर उन्हाळ्याले येत होते. पानी उतरलं का येत. या खुटायले हात लावत फिरत."

"बोलायचे काही?"

"थेच. हायेस का बे. मंग मांगं वळून पाहत, जसं कोनी लिहून राह्यलं." तिनं पदरानं हात पुसले. "दोन साल झाले, आले नाई. मंग त्यायच्या गावचा एक जन भेटला. गेले म्हने."

ती वेलांतून उठली आणि शेजारच्या रुंद खुंटाकडे गेली. तो मोहाचा होता. तिच्या पायात वहाणा होत्या, त्या तिनं आधी काढल्या. मग उजवा तळवा खुंटावर सपाट ठेवला, अगदी त्यांच्यासारखा.

"तवा तुमीच लिहून घेतलं होतं ना सारं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग हेबी लिहा," ती म्हणाली. "नाई."

माझ्याजवळ त्या दिवशी वही नव्हती.