साडूंची अक्कलदाढ

माझ्या थोरल्या साडूंचा सल्ला ज्याला कधी मिळालाच नाही, असा माणूस त्या काळच्या हैदराबादेत शोधूनही सापडला नसता. गौलीगुड्यातल्या भाजीवालीपासून त्यांच्या सरकारी कचेरीतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना त्यांनी काही ना काही सांगून ठेवलेलं होतं. मला टायफॉईड झाला तेव्हा ते रोज संध्याकाळी नल्लकुंट्याला आमच्या घरी येऊन उशाशी बसत आणि डॉक्टरांनी बंद केलेला एकेक पदार्थ चालू करायला सांगत. एकदा आम्ही टांग्यातून येत होतो, तर घोडा लंगडतोय असं त्यांना वाटलं. टांगा थांबवून त्यांनी टांगेवाल्याला घोड्याच्या पायाला काय बांधावं हे अर्धा तास समजावलं. उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो, कारण तोवर कंटाळून टांगेवाल्यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं होतं. माणूस मात्र मायेचा. मी आजारातून उठलो त्या दिवशी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तर, माझं ऐकलंत म्हणून वाचलात." मी त्यांचं एकही ऐकलं नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालायला जी ताकद लागते, ती माझ्यात टायफॉईडच्या आधीही नव्हती.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचं ठरलं आणि साडूंच्या सल्ल्याला तर हंगामच आला. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी भाग म्हैसुरात आणि हैदराबाद आंध्रात जाणार, तेव्हा मराठी नोकरदारांनी कुठं जायचं ते लिहून द्यावं, असे फॉर्म कचेऱ्यांतून वाटले गेले. साडूंनी साऱ्या कचेरीचा निकाल लावला. ज्याची शेती नांदेड-परभणीकडे त्यानं जावं, ज्याचं घर इथं झालं त्यानं राहावं. त्यांची स्वतःची शेती नांदेडकडे होती आणि घर गौलीगुड्यात. त्यामुळे त्यांचा फॉर्म कपाटात कोराच पडून होता. विषय काढला की ते दुसऱ्या कुणाच्या तरी बदलीबद्दल बोलायला लागत.

त्यात त्यांची अक्कलदाढ उठली. खालची, उजवीकडची, हाडात आडवी रुतलेली. दोन महिने त्यांनी ती लवंगा चावून आणि हिंग भरून दाबून ठेवली. शेवटी गाल इतका सुजला की चष्मा तिरका बसू लागला, तेव्हा एका मंगळवारी मी शाळेतून रजा काढून त्यांना सुलतान बाजारातल्या दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. पांढऱ्या दाढीचे ते शांत गृहस्थ दाढ काढायला तासभर खपले. तोंडात बोळा दाबून साडू बाहेर आले, तेव्हा डॉक्टरांनी मलाच समोर बसवून सांगितलं, "चोवीस घंटे कुल्ली नक्को, थूकना नक्को, बीडी नक्को, चूस को कुछ पीना नक्को. ठंडा नरम खाना. कल से नमक का गुनगुना पानी, वो भी आहिस्ता. खून की गाठ जमी है, उसकू हिलाना नहीं." चूळ नको, थुंकणं नको, विडी नको, असं सगळं मी मराठीत कागदावर उतरवून अक्कांच्या हाती दिलं. अक्का म्हणजे साडूंच्या पत्नी, आमच्या हिची थोरली बहीण. त्यांनी कागद वाचून नवऱ्याकडे पाहिलं आणि तो पदराच्या टोकाला बांधला.

संध्याकाळी मी पुन्हा डोकावलो तर साडू मोरीत उभे राहून मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा भरत होते. "घाण आत ठेवायची नसते," ते अर्ध्या तोंडानं म्हणाले. नंतर त्यांनी विडी पेटवली. धुरानं जंतू मरतात असं त्यांचं म्हणणं. मी दिवसभर वर्ग सोडून त्यांच्यामागे फिरलो होतो. मी नुसता भिंतीला टेकून बसलो.

बुधवार-गुरुवार बरे गेले. गुरुवारी तर त्यांनी मला डॉक्टर लोक उगाच कसे घाबरवतात यावर व्याख्यानच दिलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सायकल हाणत गेलो, तेव्हा ते गादीवर कानाला हात लावून बसले होते. कळ जबड्यातून कानात, कानातून डोक्यात जात होती. तोंडाला घाण वास येत होता आणि जबडा एका बोटापलीकडे उघडत नव्हता. बोलता येत नव्हतं म्हणून अक्कांनी मुलांची पाटी दिली होती. तिच्यावर त्यांनी लिहिलं, "उद्या उतरेल." मी म्हटलं, "रिक्षा बोलावलीय." त्यांनी ते पुसून लिहिलं, "डॉक्टर रागावतील." पन्नाशीच्या माणसाची ती पोरासारखी भीती पाहून मला हसूही आलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि मला म्हणाले, "गाठ निकल गई. हड्डी खुली पड गई." खड्डा धुऊन त्यांनी लवंगेच्या तेलात भिजवलेली पट्टी आत बसवली. अर्ध्या तासात कळ ओसरली आणि साडूंचे आवळलेले खांदे सैल झाले. निघताना डॉक्टरांनी बजावलं, की दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला या, पण ताप चढला, सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड झालं, तर वाट बघू नका.

शनिवारी ताप चढला आणि सूज जबड्याखाली आली. पुन्हा रिक्षा, पुन्हा सुलतान बाजार. पेनिसिलिन सुरू झालं. मी नल्लकुंटा ते गौलीगुडा इतक्यांदा केलं की रस्त्यातले खड्डे मला पाठ झाले. त्याच दुपारी कचेरीतून निरोप आला, की फॉर्म सोमवारपर्यंत हवा, नाहीतर सरकार नेमेल तिथं जावं लागेल.

रविवारी ताप उतरला. साडू भिंतीला टेकून थंड कांजी चमच्यानं पीत होते. मी फॉर्म आणि दौत-टाक समोर ठेवले आणि म्हटलं, "काय लिहायचं ते पाटीवर लिहा, मी भरतो." त्यांनी पाटी तळहातानं पुसून कोरी केली. मग लिहिलं, "तिला विचारा."

अक्का दारात भांडं पुसत उभ्या होत्या. मी पाटी त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी वाचलं आणि भांडं पुसतच राहिल्या.

"वीस वर्षं मी यांचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "बाहेर भाजीवालीशी तेलुगू, शेजारणीशी उर्दू, आणि घरात यांचं. मला कुठंतरी माझ्या भाषेत भांडायचंय. मुलांना मराठी नीट वाचता येत नाही, तुम्ही मास्तर असून तुम्हालाही ते दिसलं नाही. औरंगाबाद लिहा."

आमची ही शेजारीच बसली होती. हिच्या लग्नापासून बारा वर्षं दोघी बहिणी एका गावात होत्या. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि सहीसाठी हात पुढे केला. मी औरंगाबाद लिहिलं.

तीन आठवड्यांत खड्डा भरला, जबडा दोन बोटं, मग तीन बोटं उघडू लागला. डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तसंच त्यांनी केलं. आवाज परत आला तसे सल्लेही परतले. सामान बांधणाऱ्या हमालांना दोरीच्या गाठी शिकवून त्यांनी एक सबंध सकाळ घालवली.

काचीगुडा स्टेशनवर गाडी सुटायला पाच-दहा मिनिटं होती. अक्का आणि ही फलाटावर एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. साडूंनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, माझ्या तब्येतीबद्दल काही सांगतील. ते हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्हाला काय वाटतं, बरोबर झालं ना आमचं?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी खूप दमलो होतो. मी म्हटलं, "हो, बरोबर झालं." त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. आम्ही दोघं नल्लकुंट्याला चालतच परतलो. वाटेत ही एकदाच बोलली. "रविवारी आता कुणाकडे जायचं?" ती म्हणाली.