दगडापाशी थांबलेली गाडी

माझे बसगाड्यांच्या फोटोंचे अल्बम पुष्कळांनी पाहिले आहेत. तुम्हीही कदाचित पाहिले असतील. त्यांत नसलेल्या दोन फोटोंबद्दल मात्र मी आजवर कुणापाशीही तोंड उघडलेलं नाही. बायकोपाशीही नाही, आणि ती तर आता नाही. माझी पंच्याहत्तरी उलटली. हात थरथरतो. अक्षर वाचता येतंय तोवर हे लिहून काढतो.

कुठून सुरू करू? आधी छंदाचंच सांगतो, कारण तो लोकांना कळत नाही. हुबळीत एका सरकारी कचेरीत मी वरिष्ठ कारकून होतो. घर केशवापुरात. कुणी पक्ष्यांचे फोटो काढतो, कुणी देवळांचे. मी बसचे काढायचो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. नवी बॉडी बांधून आलेली गाडी, तिचा ताजा रंग, कपाळावरची पाटी — यात मला जे दिसायचं ते घरात कुणालाच दिसत नसे. नव्वदच्या दशकात रोलचा कॅमेरा, रोलमध्ये छत्तीस फोटो, धुऊन यायला आठवडा. तरी हात राहत नसे.

ड्रायव्हर लोक आधी माझ्याकडे संशयानेच बघत. कॅमेरा दिसला की त्यांना वाटे, वरून कुणीतरी पाहणीला पाठवलंय. कुणाच्या गाडीचा आरसा फुटलाय, कोण वर्दीचं बटण न लावता बसलाय... फोटो म्हणजे तक्रार. मला स्टँडवरून दोनदा हाकललंय. मग एकाला मी त्याच्या गाडीच्या फोटोची प्रत नेऊन दिली. त्याने ती काचेवर देवाच्या तसबिरीशेजारी लावली, आणि त्या दिवसापासून सगळ्या स्टँडचा मी ‘फोटो सर’ झालो.

त्यांच्यातलाच यल्लप्पा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, धारवाडजवळच्या खेड्यातला. तो कन्नडच बोलायचा. त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहितो आहे. गाडी पुसायला डेपोत माणसं असत, तरी समोरची काच तो स्वतः ओल्या वर्तमानपत्राने पुसायचा. मला एकदा म्हणाला, सर, गाडीचेच काढता, माझाही एखादा काढा की. मी म्हटलं, तुझा काढला तर गाडी रुसेल. त्यावर तो दिवसभर हसत होता, असं त्याच्या कंडक्टरने, हनमंताने, मला सांगितलं.

आता आमची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. उभ्या गाडीचा फोटो घ्यायचा तर ती नेमकी कुठे उभी राहावी हे ड्रायव्हरला लांबूनच कळलं पाहिजे. हात केला तर तो प्रवासी समजून भलतीकडे थांबतो. म्हणून मी रस्त्याच्या कडेला चुन्याने पांढरा केलेला एक दगड ठेवायचो. गाडीचं पुढचं डावं चाक त्या दगडाशी आणायचं. यल्लप्पा इतकं नेमकं आणायचा की चाक आणि दगड यांत चार बोटांचं अंतर राही. शिवाय माझी एक सवय होती — एका जागेवरून एकच फोटो कधी घ्यायचा नाही. दोन घ्यायचे. एकात उजेड जास्त झाला तर दुसरा असावा. दगड आणि दोन फोटो, हे ध्यानात ठेवा.

यल्लप्पाला नवी गाडी मिळाली होती. धारवाडहून हुबळीकडे येताना उणकलच्या तळ्याकाठी ती उभी आहे, पाठीमागे पाणी आहे, सकाळचं ऊन सरळ तिच्या अंगावर आहे, हा फोटो माझ्या डोक्यात कितीतरी दिवस होता. अडचण एकच. तिथल्या थांब्यावर चिंचेची दाट सावली. सावलीत नवा रंग मेला असता. आदल्या दिवशी मी यल्लप्पाला स्टँडवर गाठलं आणि म्हटलं, उद्या दगड थांब्याच्या पुढे ठेवतो, पंचवीस-तीस पावलं, उन्हात. तो जरा घुटमळला. म्हणाला, थांब्यावर माणसं असतील, सर.

मी म्हटलं, “येतील की चालत. मिनिटाचं तर काम.”

हे वाक्य माझं आहे.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत मस्टरवर सही केली आणि टेबलावर फाईल उघडी ठेवून बाहेर पडलो. चष्मा फाईलवर ठेवला होता, म्हणजे साहेबांना वाटावं, हा आहे इथेच कुठेतरी. साडेदहाच्या सुमारास गाडी आली. थांबा सोडून पुढे आली आणि चाक दगडाशी लागलं. आतली माणसं कुरकुरायला लागली तेव्हा हनमंता त्यांना म्हणत होता, जरा दम धरा, आमच्या गाडीचा आज बघण्याचा कार्यक्रम आहे, पाहुणे समोर उभे आहेत. ते मला ऐकू आलं. मी हसलोसुद्धा.

थांब्यावर दोन-तीन माणसं होती. त्यांत एक भाजीवाली म्हातारी. गाडी पुढे गेली म्हणजे आपल्याला न घेताच निघाली, असं तिला वाटलं असणार — दुसरं काय वाटेल? ती डोक्यावरची पाटी सांभाळत पळत आली. मी पहिला फोटो घेतला. ती फोटोच्या उजव्या टोकाला होती आणि मला तिचा राग आला. खरं सांगतो, राग आला. चांगल्या फोटोत ही मध्येच कुठून आली? ती दारातून आत गेली की दुसरा घ्यावा म्हणून मी कॅमेऱ्याला डोळा लावूनच थांबलो. तिने पायरीवर पाय ठेवला, पाटी कलली, तिच्याबरोबर तीही कलली, आणि माझं बोट दाबलं गेलं.

ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. वाचली, पण पुढे काठीशिवाय चालली नाही, आणि बाजारात बसणं संपलं.

लोक धावले. यल्लप्पा खाली उतरला, त्याने तिला मांडीवर घेतलं. आणि मी काय केलं? मी दगड उचलून तळ्याच्या उतारावर टाकला आणि रिक्षा करून कचेरीत गेलो. चष्मा फाईलवर होता तसाच होता.

म्हातारीच्या मुलाने तक्रार दिली की आई चढत असताना ड्रायव्हरने गाडी हलवली. आतल्या दोघातिघांनीही तसंच सांगितलं. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. बसमधून म्हातारं माणूस पडलं म्हणजे गाडी हललीच असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. इंजिन चालू होतं, गाडी थरथरत होती. हनमंता त्या वेळी मागच्या बाकावर तिकीट फाडत होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. यल्लप्पाचं म्हणणं एकच होतं: गाडी उभी होती. थांबा सोडून पुढे का उभी केलीस, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही.

रोल धुऊन आला. दोन्ही फोटो स्वच्छ होते. पहिल्यात म्हातारी पळत येते आहे, पुढचं चाक, चार बोटं जागा, पांढरा दगड. दुसऱ्यात म्हातारी पायरीवरून कलंडते आहे, आणि चाक, चार बोटं जागा, पांढरा दगड. सुतभरही फरक नाही. चौकशीच्या टेबलावर ते दोन फोटो ठेवले असते तर दुसरं काही बोलावंच लागलं नसतं.

पण दगडाबद्दल विचारलं असतं. तो कुणी ठेवला? फोटो कुणी काढले? साडेदहा वाजता सरकारी नोकर तळ्याकाठी काय करत होता? माझी बढती तोंडावर आली होती. आणि नुसती बढतीच होती का? थांब्यापासून त्या म्हातारीला पळवलं कुणी, हेही कुणीतरी विचारलंच असतं. यल्लप्पाला सोडवणारा दगड मला धरून देणारा होता.

हनमंता एका रविवारी सकाळी घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, यल्लप्पाने कुणाचंच नाव घेतलेलं नाही. सर सरकारी नोकर आहेत, त्यांना जबरदस्ती करायची नाही, असं बजावून पाठवलंय. पण त्या दिवशीचा फोटो असला तर...

मी म्हटलं, “रोलमध्ये उजेड शिरला रे. एकही फोटो आला नाही.”

फोटो आतल्या खोलीत कपाटात होते. बायको चहा घेऊन आली. त्याने उभ्याउभ्या चहा घेतला, असू दे सर, म्हणाला आणि गेला.

यल्लप्पा काही महिने निलंबित राहिला. मग कामावर घेतलं, पण स्टिअरिंग गेलं. डेपोत टायरच्या विभागात बसवलं. मी दोन-तीन महिने स्टँडकडे फिरकलो नाही आणि मग पुन्हा जायला लागलो. मला बढती मिळाली. ड्रायव्हर लोक मला पूर्वीसारखेच हात करायचे, कारण त्याने खरंच कुणालाही सांगितलं नव्हतं. पुढे डिजिटल कॅमेरे आले, या छंदाची नवी पोरं आली, मला मान देऊ लागली. ड्रायव्हरांशी कसं वागावं, असं ती विचारत. मी सांगायचो, त्यांना कधी थांबायला सांगू नका. सर किती विचार करतात, असं त्यांना वाटायचं.

तुम्हाला वाटेल, कबुली संपली. मलाही बरीच वर्षं हीच माझी चूक वाटत होती — गप्प राहिलो, रोलचं खोटं सांगितलं. भित्रा होतो. भित्रेपणाबरोबर माणूस राहू शकतो; मी राहिलो. पण जे लिहायला मी बसलो आहे ते हे नव्हे.

आठ-नऊ वर्षं गेली. मी निवृत्त झालो होतो. देशपांडेनगरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. शेजारी एक माणूस डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून बसला होता. नर्सने माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तसा तो डोळे न उघडता म्हणाला, “फोटो सर काय?”

यल्लप्पाच होता. केस सगळे पांढरे. आवाजात राग अजिबात नव्हता. बायकोची, नातवंडांची चौकशी केली. अजून काढता का फोटो, विचारलं. त्याची मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. मी उठून जावं म्हणत होतो, तेवढ्यात तो म्हणाला,

“सर, एक विचारू? आता त्याचं काही करायचं नाही. चौकशी संपली, नोकरीही संपत आली. तुम्ही समोर उभे होता. गाडी हलली होती का?”

मी हातातल्या चिठ्ठीची घडी घालू लागलो.

“उभी होती, असं मी तेव्हा सांगितलं. पण इतके जण हलली म्हणाले. इंजिन चालू होतं, पाय क्लचवर होता. कधी वाटतं, पाय सुटला असेल. इतकी वर्षं मी या पायाला विचारतोय, सर. पाय काही सांगत नाही.”

तिथे साहेब नव्हते. मस्टर नव्हतं. बढती मिळून, भोगून झाली होती. माझं काहीही जाणार नव्हतं. त्याचे तर डोळेही मिटलेले होते, माझं तोंडही त्याला दिसत नव्हतं. नाही हलली, एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तो विचारता, एवढं खात्रीने कसं सांगता, सर? आणि मग — हे तेव्हा का नाही सांगितलंत?

मी म्हणालो, “थोडी हलली असावी, यल्लप्पा.”

त्याने मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. म्हणाला, “मग बरोबर झालं. मला उगीच वाटायचं, माझ्यावर अन्याय झाला.” आणि हात चाचपत माझा हात शोधला, आणि धरला.

मुलगी वर आली. त्याला उठवून जिन्यापाशी नेताना तिला तो सांगत होता, ते मला ऐकू आलं. ती म्हणाली, “चला, एकदाचं कळलं ना, अप्पा? आता त्या आज्जीचं मनात आणू नका.” तो म्हणाला, “आता तर आणायलाच पाहिजे.”

त्यानंतर तीन वर्षांनी यल्लप्पा गेला. हनमंताकडून कळलं की शेवटच्या वर्षांत तो त्या म्हातारीच्या घरी अमावास्येला नारळ आणि लुगडं घेऊन जायचा, दारात बसायचा आणि माझ्या हातून झालं म्हणायचा. ती त्याच्या आधी गेली. ज्या चुकीची माफी तो तिच्याकडे मागत होता ती त्याने केलेलीच नव्हती. ती त्याच्या हातात मी दिली होती, चांगला शुद्धीवर असताना, दिवसाढवळ्या, डॉक्टरच्या बाकावर बसून.

गाडी हलली नव्हती.